मुरमावरची कुसळी

कुसळाबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी तरी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे. पण कुसळ म्हणजे नेमकं काय, हे शहरातून सुट्टीला येणाऱ्या आमच्याच नातवंडांना दाखवून द्यावं लागतं. दाखवायला कष्ट पडत नाहीत. दिवाळी झाल्यावर आमच्या पारनेरच्या माळावरून पन्नास पावलं चालून आलं, की धोतर, पायजमा, मोजे, सगळ्याला कुसळं चिकटून येतात. मग उन्हात बसून एकेक उपसायचं. बायामाणसं वैतागतात, कारण कपडा धुतला तरी ते निघत नाही. उलट पाणी लागलं की आणखी आत शिरतं.

आमच्याकडं गवताला कुसळी म्हणतात आणि त्याच्या बियाला कुसळ. बी तपकिरी, भाताच्या दाण्याहून बारीक. टोक सुईसारखं, आणि त्या टोकाशी मागं वळलेली ताठ लव, म्हणजे एकदा आत गेलं की माघारी येणं नाही. वर बोटभर लांब काळपट शेपूट, मधे कोपरासारखं वाकलेलं आणि खाली दोरीसारखं पिळलेलं. रात्री दव पडलं की हा पीळ सुटतो, सकाळी ऊन लागलं की पुन्हा बसतो. शेपूट असं फिरत राहतं आणि खालचं टोक गिरमिटासारखं जमिनीत शिरत जातं. आपल्याला पेरायचं तर पाभर लागते, बैल लागतात. या बियानं आपली पाभर सोबतच आणलेली असते.

असं हे गवत आमच्या चार एकरांचं पन्नास वर्षं राखणदार होतं. ते तिथं कसं आलं, कसं वाढलं, कुठं थांबलं, हे मी पोरवयापासून बघत आलोय. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण ही एक गोष्ट मी पुरती शिकलो असं म्हणायला हरकत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. आई कामावर जायची, मी तिच्यामागं. टिकाव-फावडी गडी चालवायचे, घमेली बायका वाहायच्या. चौकड्या पाडायच्या, त्यांची मापं घ्यायची, मुकादम मस्टरवर नावं लिहायचा. खायला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि पोरांना सुकडी. त्या सगळ्या घामाची जी रास झाली, ती म्हणजे आमची पाळ.

पाळ कशी असते ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. मधे काळ्या मातीचा गाभा, पाणी पलीकडं झिरपू नये म्हणून. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव. पाण्याकडच्या अंगाला दगडाची पिचिंग, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. बाहेरच्या अंगाला मात्र नुसता उघडा मुरूम. त्या उघड्या उताराखाली शंभर पावलांवर आमची चार एकर आणि विहीर.

तलावाचं पाणी पाझरून विहिरीला येणार, याचा वडलांना आनंद होता. पण १९७३ चा पाऊस चांगला झाला आणि त्यानंच आमची झोप उडवली. मुरमाच्या उतारावर गवताची काडी नव्हती. पाण्याचा थेंब पडायचा तो मुरूम उकरायचा, थेंबांची धार व्हायची, धारेची घळ. भादव्यापर्यंत उतारावर हाताच्या बोटांसारख्या घळी पडल्या आणि तिथला मुरूम आमच्या बाजरीत येऊन पसरला. एखादी घळ वरपर्यंत जाऊन काळ्या गाभ्याला भिडली असती, तर पुढचं काय ते सांगायला नको. वडील रात्री पाऊस लागला की कंदील घेऊन पाळीवर जायचे.

जाणती माणसं म्हणाली, झाड लावू नका. मोठ्या झाडाचं मूळ पाळीत खोल जातं, ते मेलं-कुजलं की तिथं पोकळी राहते आणि पाणी त्यातूनच वाट काढतं. गवतच पाहिजे. मग आईनं ओढ्यातली हरळी मुळासकट खणून, डोक्यावरून वाहून घळींच्या तोंडाशी दाबली. खालच्या अंगाला, जिथं पाझराची ओल होती, तिथं ती धरली. चार हात वर चढली आणि थांबली. त्याच्यावरचा मुरूम दिवाळीतच वाळून कडक व्हायचा. हरळीचे धुमारे त्यावर पसरायचे आणि संक्रांतीपर्यंत करपून जायचे. टाकळा, सराटा असलं काहीबाही पावसाळ्यात उगवायचं, पण ते चार महिन्यांचं पाहुणं. मूळ धरून राहील असं काही नव्हतं.

त्याच सालात धनगराच्या खांडावरून वडलांचा वाद झाला. ढवळपुरीकडचे धनगर पावसाळ्यात माघारी येत आणि दिवाळीच्या पुढंमागं मेंढरं घेऊन घाटाखाली निघत. त्यांचा एक वाडा दरसाल आमच्या माळावर उतरायचा. वडील त्यांची मेंढरं दोन रात्री रानात बसवून घेत, बदल्यात धान्य देत. मेंढराच्या लेंडीसारखं खत नाही. पण माळावरून आमच्या रानात यायची जवळची वाट आता पाळीवरून झाली होती.

वडील म्हणाले, “आरं, चारशे मेंढरं पाळीवरनं घातलीस, तर मुरूम ढिला हुईल. खाली माझं रान हाय.”

म्हातारा धनगर काठीला टेकून उभा होता. म्हणाला, “तात्या, मेंढराच्या पायानं माती सुटत न्हाई, बसती. बारीक खूर, आन् वर वझं. तुमी धुम्मस मारता ना, त्येच हाय ते.”

वडलांना पटलं नाही, पण खतही हवं होतं. शेवटी ठरलं ते असं, की खांड सगळ्या उतारावर पांगवायचं नाही. एकाच तिरप्या वाटेनं, एकामागं एक उतरवायचं. म्हाताऱ्यानं ते कबूल केलं आणि पुढं पाळलंही. त्या साली आणि पुढं कितीतरी वर्षं मेंढरं त्याच वाटेनं उतरली.

शाळा सुटली की मी शेळ्या घेऊन पाळीवर असायचो. मोजायला वेळच वेळ. १९७४ च्या पावसाळ्यात त्या तिरप्या वाटेच्या कडेनं मला कुसळीचे तेरा बुडखे दिसले. बाकी उतार बोडका. सगळेच्या सगळे वाटेला लागून, जशी काही कुणी दोरी धरून लावलेत.

यात नवल काही नव्हतं. माळावर कुसळी भरपूर होती आणि दख्खनी मेंढराची लोकर म्हणजे कुसळाला आयतं घोंगडं. माळावरून चिकटलेली कुसळं पाळीवर येऊन गळली. पण नुसती गळून भागलं नसतं. वारा तर सगळ्या उतारावर कुसळं फिरवायचा, ती तिथंच का उगवली नाहीत? कारण मुरूम वरून पापडीसारखा बसलेला होता. कुसळ त्यावर आडवं पडायचं, शेपूट फिरायचं आणि ते नुसतंच घरंगळायचं. टोक रोवायला फट लागते. खुरांच्या वाटेवर ती होती. प्रत्येक खुराचा एक खळगा, त्यात थोडी बारीक माती, लेंडीचा चुरा आणि पावसाचं घोटभर पाणी. कुसळ तिथं अडकलं की शेपटाचं काम सुरू. बी आणणारा आणि त्याला खड्डा करून देणारा एकच.

पुढच्या साली चाळीसेक बुडखे झाले. त्यानंतर मोजणं सोडलं, कारण बोटं पुरेनात. पण ते पसरले कसे, ते मी नीट बघितलं. कुसळाची चाल दोन तऱ्हेची. एक जवळची: आईच्या बुडख्यापासून हात-दोन हात. पिकल्यावर कुसळांची शेपटं एकमेकांत गुंतून गवताच्या शेंड्याला झिपऱ्या होतात आणि त्या तिथंच आसपास गळतात. म्हणून प्रत्येक बुडख्याभोवती पोरांचं कडं व्हायचं, मग त्या कड्याभोवती आणखी कडं. ही चाल गोगलगाईची. दुसरी लांबची: मेंढराच्या लोकरीतून, शेळीच्या शेपटातून, माझ्या चड्डीतून. तिचा भरवसा नाही, पण एकदा का एखादं कुसळ बोडक्या जागी पोचून रुजलं, की तिथून नवं कडं सुरू. वाट सोडून लांब, सांडव्याच्या बाजूला एक बेट अचानक उगवलं होतं. तिथं धनगरांनी मेंढरं कातरली होती. लोकरीतली घाण झटकली होती, त्यातली कुसळं लागली.

म्हणजे नवी जमीन गवतानं एका बाजूनं पूर आल्यासारखी व्यापली नाही. आधी ठिपके पडले. ठिपक्यांची बेटं झाली. बेटं वाढत एकमेकांना भिडली. तीन-चार वर्षं वाटायचं, काहीच होत नाही. नंतरच्या तीन वर्षांत डोळ्यांदेखत उतार भरला. १९८० पर्यंत बाहेरच्या अंगाला मुरूम दिसेनासा झाला आणि आमच्या रानात मुरूम येणं थांबलं. पाऊस तोच, उतार तोच. पण आता थेंब आधी पात्यावर पडत होता. घळींच्या तोंडाशी बुडखे बसले होते, वरून येणारी बारीक माती त्यांच्यामागं अडकत होती.

शाळेत आम्हाला चक्रवाढ व्याज शिकवलं तेव्हा मला ते लगेच समजलं. मास्तरांना वाटलं पोरगं हुशार आहे. हुशार कसलं, मी ते पाळीवर बघत होतो. तेराचे चाळीस, चाळीसचे सव्वाशे. थोडं होतं तेव्हा व्याजही थोडं, मुद्दल वाढलं तसं व्याज वाढलं. सावकाराचं व्याज माणसाच्या गळ्याला लागेपर्यंत थांबत नाही. गवताचं मात्र थांबतं, कारण त्याला जमीन हद्द घालते.

ही हद्द मी मागाहून पाहिली. उतार भरल्यानंतर बी कमी झालं नाही, उलट पायलीनं गळायला लागलं. पण नवा बुडखा दिसेना. मृगाच्या पावसावर बारीक पाती हजारोंनी उगवायची. श्रावणात उघडीप पडली की मोठ्या बुडख्यांच्या मुळांनी ओल ओढून घेतलेली असायची आणि बारकी पाती सुकून जायची. एवढंच नाही, आधी दाटीनं आलेल्या बुडख्यांतले कितीतरी मेले आणि उरले ते मोठे झाले. मोजले असते तर १९८५ ला बुडखे आधीपेक्षा कमीच भरले असते, पण वैरण जास्त निघत होती. किती जगायचे ते बी ठरवत नाही, मुळाला मिळणारी जागा आणि ओल ठरवते. नव्याला जागा मिळायची ती जुना गेल्यावर. एखाद्याला वाळवी लागायची, एखादा मधूनच पोकळ होऊन कडेकडेनं जगायचा. वरून बघणाऱ्याला वाटायचं, गवत तेच आहे. आतून रोज कुणी जात होतं आणि कुणी येत होतं. गावासारखंच.

आणि गावासारखंच, वसवणारा एक आणि नांदणारा दुसरा असंही झालं. पुढं गावानं पाळीवर जनावरं सोडायचं बंद केलं. गवत कापून न्यायचं ठरलं. दहा-बारा वर्षांत खालच्या अंगानं मारवेल चढायला लागलं आणि वर कुसळीच्या मधे पवन्या दिसायला लागला. आमच्या आजीच्या तोंडी असायचं, की राखलेल्या रानात पवन्या, चारलेल्या रानात कुसळी. पुढं शेतीखात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, की दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी देशभरच्या गवतांवर पुस्तक लिहिलंय, १९७३ साली छापलेलं. त्यात दख्खनच्या पठाराचं मूळ गवत पवन्या-मारवेलाच्या जातीचंच धरलंय, आणि चराई वाढली की कुसळी पुढं येते असंच सांगितलंय. मला बरं वाटलं. आजी शाळेत गेली नव्हती.

पवन्या गाई-बैलांना जास्त आवडतो, हे खरं. कुसळी निसवायच्या आत कापली तर चांगली वैरण. एकदा कुसळं धरली की जनावर तोंड लावत नाही, लावलं तर जिभेला, हिरड्यांना रुततात. पण पवन्या उघड्या मुरमावर आला नसता. कुसळीच्या बुडख्यांनी वीस वर्षं माती अडवली, पाला कुजवला, सावली दिली, तेव्हा त्याला पाय ठेवायला जागा झाली. मग त्यानंच कुसळीला मागं सारलं. २०१२ च्या दुष्काळात छावणीला न गेलेल्या जनावरांसाठी लोकांनी पाळ बुडापर्यंत ओरबाडली. पवन्याचे बुडखे जागजागी मेले. पुढच्या पावसाळ्यात त्या रिकाम्या जागा भरल्या कुणी? कडेला उरलेल्या कुसळीनं. संकटाच्या वेळी तीच आधी येते.

आता जे सांगायचं ते अलीकडचं. चार वर्षांपूर्वी पाळ गळायला लागली म्हणून दुरुस्तीचं काम निघालं. काम चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुरुस्ती म्हणजे यंत्रानं आठ दिवसांत बाहेरचा सगळा उतार खरवडला, गवत मुळासकट बाजूला टाकलं आणि वर नवा मुरूम घातला. तो दाबायला ट्रॅक्टरमागं लोखंडी पिंप होतं, त्यावर बारीक खुंट्या. मी ड्रायव्हरला नाव विचारलं. म्हणाला, “शीपफूट रोलर.” शीप म्हणजे मेंढी आणि फूट म्हणजे पाय, एवढं इंग्रजी मला येतं. काठीला टेकलेला तो म्हातारा मला आठवला. वडील असते तर त्यांना हाताला धरून नेऊन दाखवलं असतं.

रोलरनं मुरूम बसवला, पण रोलरला लोकर नसते. पहिल्या पावसाळ्यात घळी पडल्या, दुसऱ्यात त्या लांबल्या. खाली आता बाजरी नाही, थोरल्याचं डाळिंब आहे, ठिबक आहे, डोक्यावर कर्ज आहे. रात्री पाऊस लागला की आता तो बॅटरी घेऊन पाळीवर जातो.

थोरला म्हणाला, “दादा, मारवेल लावू. राहुरीच्या विद्यापीठात चांगल्या जाती आहेत.” मी म्हणालो, लाव. ठोंब आणले, माणसं लावून बसवले. खालच्या ओलीत झकास धरले. वरचे दोनदा लावले, दोन्ही वेळा गेले. तेव्हा मी त्याला म्हणालो, “वर कुसळी येऊ दे.” त्याला ते रुचलं नाही. मजूर डाळिंबात काम करताना कुसळांनी हैराण होतात, कुसळी कुणी मुद्दाम आणतं का?

पण मुद्दाम आणल्याशिवाय ती आता येणारही नव्हती. माळ आणि पाळ यांच्यामधे तारेची कुंपणं झालीत. धनगरांचे वाडे आता डांबरी रस्त्यानं जातात, कोकरं आणि संसार टेम्पोत. आमच्या रानात मेंढरं बसून सतरा वर्षं झाली. बी माळावर आहे, जागा पाळीवर आहे. मधला वाहणारा गेला.

त्या म्हाताऱ्याचा नातू मेंढरं राखतो. त्याला निरोप धाडला. तो आला, पाळ बघितली आणि म्हणाला, “काका, कुसळानं लोकर खराब हुती, कातडीत घुसतं. आमी त्येच्यापासनं मेंढरं लांब ठेवतो, आन् तुमी त्येच आना म्हन्ता?” मी म्हणालो, “तुझ्या आजानं आणलं होतं. न मागता.” हसला. दोन शेजाऱ्यांना विचारून तारा सोडवल्या, आणि मागच्या दिवाळीनंतर दीडशे मेंढरं माळावरून पाळीवर आली, तीन दिवस, एकाच तिरप्या वाटेनं. ही वाट कुठून काढायची ते थोरल्यानं ठरवलं, घळींच्या तोंडावरून जाईल अशी. बदल्यात मेंढरं दोन रात्री डाळिंबाच्या कडेच्या पडकात बसली आणि नातवानं धान्य नको म्हणून रोख घेतलं.

यंदाच्या पावसाळ्यात वाटेवर मी एकोणीस बुडखे मोजले. पाच घळींतल्या तीन घळींच्या तोंडाशी आहेत, दोन अजून उघड्या. तिथं तूर्त दगड रचलेत. भादव्यात वैरण महाग होती. बुडखे लुसलुशीत होते आणि गाय दावणीला हंबरत होती. थोरला विळा घेऊन पाळीवर गेला आणि तसाच परत आला. निसवायच्या आत कापले असते तर गाईला दोन दिवसांचं झालं असतं, आणि पाळीला एक साल गेलं असतं.

आता कार्तिक आहे. बुडख्यांच्या शेंड्याला झिपऱ्या गुंतल्यात. खालून मारवेल आठ हात चढलंय, वरून कुसळी उतरायला लागली आहे, मधे वीस पावलं मुरूम उघडा आहे. मुलाला मी हिशोब घालून दिलाय: पुढच्या साली पन्नास, त्याच्या पुढं दीडशे, मधे दुष्काळ पडला नाही तर. तो म्हणाला, “आणि तवर मोठा पाऊस झाला तर?”

“तर दगड आहेत, बॅटरी आहे,” मी म्हणालो. “आणि मेंढरं पुढच्या दिवाळीला परत येणार आहेत.”